घरचा सराव

बैलाचे दात बघून वय ठरवायची गरज उरली नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली. कानातल्या बिल्ल्यावर फोन धरला की जनावराची सगळी कुंडली समोर येते. जन्म कधीचा, आई कुठल्या गोठ्यातली, पोटात जंत आहेत का, मागच्या पायात कधी लचक भरली होती का. जमिनीचंही तेच. उपग्रहांनी मातीचा कस, पाण्याची पातळी, सगळं वर काढून ठेवलंय. खटाळीच्या बैलबाजारात पूर्वी एखादी खोड लपवायला माणसं काय काय उपद्व्याप करायची! शिंगं तासायची, कातडीला तेल चोपडायचं, थकल्या बैलाला गुळाचं पाणी पाजून तरतरीत करायचं. ती सगळी कला बुडाली. आता जनावर काही लपवू शकत नाही आणि मातीही लपवू शकत नाही. उरला माणूस. त्याच्या मनातला आकडा कुठल्याच बिल्ल्यावर उमटत नव्हता, म्हणून दलाल टिकून होते.

टिकून होते म्हणजे, सरकारनं त्यांचं बारसं नव्यानं केलं होतं. 'ग्रामीण मालमत्ता व पशुधन विक्री प्रतिनिधी'. एवढं लांबलचक नाव उच्चारेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्याकडं जायचं, पण परवान्यावर तेच छापलेलं असे. परवान्याशिवाय बाजारात कुणाचा हात धरायचा नाही, आणि परवाना हवा असेल तर वर्षभराचं प्रशिक्षण. खटाळीतलं केंद्र शिवारबंध नावाच्या कंपनीनं स्वतःच्या खर्चानं उघडलं होतं. फी नाही, वर दुपारचं जेवण फुकट. कंपनी एवढी उदार कशी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पंगतीत बसलेल्या माणसाला तो सहसा पडत नाही.

ईश्वरी गळवे या केंद्राच्या पहिल्याच तुकडीत होती. आई-बाप पुण्यात नोकरीला, आणि ही लहानपणापासून आत्याकडं वाढलेली. शालनआत्या म्हणजे खटाळीच्या बाजारातलं एक प्रस्थ. नवरा गेल्यावर तिनं खिलार खोंड वाढवायचा धंदा एकटीनं सांभाळला. ओढ्याकाठी तिचं गवताचं कुरण होतं, त्यात पवना आणि मारवेल कमरेएवढं वाढायचं. त्या गवतावर वाढलेली तिची खोंडं बाजारात उतरली की लोक चहाचा कप खाली ठेवून बघायला यायचे. ईश्वरीला तिनं तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. पोरीला दलाल व्हायचंय म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली, तेव्हा आत्याच म्हणाली होती, "हुंदे की. सगळी इकत्यात, कुणीतरी नीट इकाया शिकावं."

केंद्रात शिकवायला होते दिगंबर करपे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. उभी हयात बाजारात गेलेली, आवाज मऊ, आणि हात त्याहून मऊ. खटाळीत भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि मालक समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं की एक आकडा, मूठ धरली की दुसरा, तळव्यावरून बोट ओढलं की त्याचा निम्मा. भोवती गर्दी असली तरी आकडा दोघांतच राहतो. आणि राहायलाच हवा, हा बाजाराचा धर्म. रुमालाखाली कळलेला आकडा ज्यानं तोंडातून काढला, त्या दलालाला पुन्हा कुणी हात देत नसे, की पाणी विचारत नसे.

पहिल्याच दिवशी अण्णांनी सगळ्यांकडून तशी शपथ घेतली. मग एकेकाला पुढं बोलावून हात धरायला लावला.

"काय कळलं?" त्यांनी ईश्वरीला विचारलं.

"तुमचा हात गार आहे."

"अजून?"

"सपाट आहे. काहीच सांगत नाही."

अण्णा हसले. "लक्षात ठेव. सपाट हात दोघांचाच असतो. एक तर ज्याला विकायचंच नाही त्याचा, नाहीतर जो आधीच सौदा उरकून आलाय त्याचा."

अण्णांच्या जोडीला एक यंत्र होतं. त्याचं कागदोपत्री नाव स्पर्शमापक, पोरं त्याला 'कडं' म्हणायची. मनगटात घालायचं करडं वळं, आणि त्यातून निघून तळहातावर चिकटणारा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, आरपार दिसणारा पडदा. समोरच्याचा हात हातात आला की त्याच्या तळव्याची खबर त्या पडद्याला लागायची.

त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. उन्हानं पाठ भिजते, तळहात भिजतो तो मनानं. तळव्यातल्या घामाच्या ग्रंथी आपल्या हुकमात नसतात. मनात काही हललं की त्या किंचित उघडतात, कातडीवर खारट ओल येते, आणि ओल्या कातडीतून वीज जरा सहज वाहते. ही ओल डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. त्याच वेळी नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू कळेल न कळेल असा ताणला जातो. एका वेळच्या मोजमापाला काही अर्थ नाही, कारण काहींचे हात मुळातच घामट. पण आकडा हळूहळू चढवत नेला, उतरवला, पुन्हा चढवला, की या तिन्ही गोष्टींची मिळून एक रेघ तयार होते. ती बराच वेळ सरळ चालते आणि एका आकड्याला वाकते. तोंड तेव्हाही 'नाही' म्हणत असतं, कित्येकदा माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं. पण आतून त्यानं होकार दिलेला असतो. त्या वाकण्याला केंद्रात 'मोड' म्हणत.

शिकवण्याची पद्धत झकास होती. आधी आपल्या हातानं मोड ओळखायचा, मग कडं मनगटाला हलकी थाप देऊन चूक की बरोबर ते सांगायचं. बाकीची पोरं दिवाळीपर्यंत चाचपडत होती. ईश्वरीला चार-दोन महिन्यांतच कड्याची थाप नुसती आपल्या म्हणण्याला दुजोरा द्यायला येऊ लागली. अण्णा सगळ्यांदेखत म्हणायचे, "ही माझ्या पुढं जाणार." असं कुणी म्हटलं की माणूस त्याच्यासाठी जीव टाकायला तयार होतो. ईश्वरीही झाली होती.

वर्षाच्या मध्यावर घरचा सराव आला. कडं घरी न्यायचं आणि आपल्या माणसांचे हात धरायचे. आई, बाप, चुलते, शेजारी. त्यांच्या जमिनीचा खोटा खोटा सौदा करायचा. "परक्याचा हात सावध असतो," अण्णांनी समजावलं. "घरच्या माणसाचा उघडा असतो. मोड कसा दिसतो ते तिथंच नीट कळतं." पोरं हौसेनं गावोगाव पांगली. म्हातारी माणसंही खूश झाली. आपलं पोर शिकतंय म्हटल्यावर कोण हात मागं घेईल?

ईश्वरीनं सुरुवात आत्यापासून केली. संध्याकाळची वेळ, आत्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"हात दे की आत्या. कुरणाचा सौदा करायचाय."

"कुरण काय इकायचं हाय व्हय गं?"

"सराव हाय नुसता."

आत्यानं हात पुसला आणि दोघींच्या हातांवर स्वतःचाच पदर ओढला. ईश्वरी बोटं दाबत गेली, आत्या मान हलवत गेली. कधी हसायची, कधी खोटं खोटं रागवायची. हात मात्र खडकासारखा होता. ईश्वरीला मनातून बरं वाटत होतं. विकायचंच नाही त्याचा हात असाच असतो, अण्णांनी सांगितलं होतंच. मग एका आकड्याला तो खडक पाझरला. किंचितच. आत्याचं हसणं तसंच चालू होतं, आणि ईश्वरीच्या मनगटावर कड्यानं थाप दिली.

आत्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. "कळलं तुला?"

"कळलं."

"मग आता इसरून जा."

"इसरले," ईश्वरी म्हणाली, आणि तिनं खरोखरच विसरायचा प्रयत्न केला. तिनं पुढं भावकीतले हात धरले, शेजारच्या वस्तीवरचे धरले. ती जायची तिथं चहा व्हायचा, थट्टा व्हायची. आपण शपथ पाळतोय, कुणाचा आकडा कुणाला सांगत नाही, याचा तिला अभिमान होता. तोंड बंद ठेवलं की झालं, असंच तिला वाटे. मनगटातल्या कड्याला तोंड नव्हतं, म्हणून त्याच्याकडं तिचं लक्षही गेलं नाही.

परवाने वाटायच्या आधी अण्णांनी एक शेवटचा धडा घेतला. "आपली स्वतःची किंमत दलालाला ठाऊक पाहिजे," म्हणाले, आणि कडं घालून एकेकाचा हात स्वतः धरला. कंपनीनं नोकरी दिली तर किती पगाराला जाशील? ईश्वरीनं हसत हसत हात दिला. तिला नोकरी करायचीच नव्हती. बाजाराच्या वेशीजवळ एक गाळा घ्यायचा, वर आपल्या नावाची पाटी लावायची, एवढंच तिचं स्वप्न होतं आणि ते तिनं आत्याला हजारदा ऐकवलं होतं. अण्णा आकडे चढवत गेले. एका आकड्याला ईश्वरीच्या मनात आलं, एवढ्यात तर वर्षा-दीड वर्षात गाळा होईल. अण्णांनी हात सोडला आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

परवाने मिळाले, फोटो निघाले, आणि पुढच्या हंगामात शिवारबंध कंपनी जमिनी घ्यायला खटाळीच्या शिवारात उतरली.

ओढ्याकाठच्या सपाट रानावर सौरपट्टा, म्हणजे उन्हाची वीज करणाऱ्या काचांच्या रांगा, उभा करायचा होता. कंपनीची माणसं घरोघर फिरलीच नाहीत. प्रत्येकाच्या फोनवर त्याचा त्याचा एकच आकडा आला आणि खाली 'मान्य' असं एक बटण. घासाघीस करायची सोय नव्हती, आणि गंमत अशी की ती कुणाला करावीशीही वाटली नाही. आकडा बघितला की माणसाला वाटायचं, अरे, हेच तर आपल्या मनात होतं. लोकांनी पटापट बटणं दाबली. आठवडाभर गावात लग्नघरासारखं वातावरण होतं.

मग कुणाच्या तरी बारशात भाव उघडे पडले.

शेजारच्या वस्तीवरचे लवटेनाना दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या ओट्याशी येऊन उभे राहिले. आत्याला ते धाकट्या भावासारखे. बसा म्हटलं तरी बसेनात.

"शालनआक्का, माझा बांध आन् त्या संपतचा बांध एकच. माती एक, पाणी एक. त्याला माझ्या दुप्पट दिलं कंपनीनं."

"आसं कसं?"

"तेच इचारत हुतो राती सगळ्यांस्नी. संपतला पोरगं परदेशी धाडायचं हाय, त्याची भूक मोठी. माझी काय? गुडघ्याचं आपरेशन निघंल, एवढंच माझ्या मनात हुतं. तेवढंच दिलं बघा त्यांनी. वर एक रुपाया न्हाई. माझ्या मनातलं त्यांना कुणी सांगितलं? मी तर बायकूला बोललो न्हाई. फकस्त एकदा आमच्या विक्यानं हात धरला हुता माझा. सरावाला म्हणून. पोटच्या पोरानं, आक्का."

ईश्वरी दारात उभी होती. नानांनी तिच्याकडं बघितलं, आणि आजवर तिला बघून हसणाऱ्या त्या माणसानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. तिच्याच तुकडीतल्या विकासनं एकट्या बापाचा हात धरला होता. तिनं किती जणांचे धरले होते!

नाना गेल्यावर आत्यानं कमरेचा फोन काढून तिच्यासमोर धरला. कुरणाचा आकडा आला होता. खाली हिरवं बटण.

"ह्यो आकडा मी देवापुढंबी बोलले न्हाई," आत्या म्हणाली. "ह्यो फकस्त तुझ्या हातात सांडला हुता."

"आत्या, मी कुणाला..."

"मी काय इचारलंय व्हय तुला?" आत्यानं फोन कमरेला खोचला आणि ती गोठ्याकडं निघून गेली. ती रागवली असती, ओरडली असती, तर ईश्वरीला सोसलं असतं. हे पाठ फिरवणं सोसेना. चप्पल घालायचंही भान न ठेवता तिनं गाडी काढली आणि केंद्र गाठलं.

दुपारची जेवणं उरकली होती. नवी तुकडी मागच्या झाडाखाली हसत-खिदळत बसली होती, प्रत्येकाच्या मनगटात कडं. अण्णा वर्गात एकटेच सुपारी कातरत होते. तिला बघून त्यांचा चेहरा नेहमीसारखाच फुलला.

"ये ईश्वरी. तुझीच वाट बघत होतो."

"अण्णा, घरच्या सरावातले आकडे कुठं गेले?"

त्यांनी सोंग आणलं नाही, उलट कौतुकानंच तिच्याकडं पाहिलं. "लवकर आलीस. बाकीच्यांना अजून उमगलं नाही. कड्यात जे उतरतं ते कंपनीकडं जातं. कडंच कंपनीचं, मग ते दुसरीकडं कुठं जाणार?"

"आम्हाला कुठं सांगितलंत?"

"तुम्ही कुठं विचारलंत?"

"तुम्ही शपथ घ्यायला लावलीत आम्हाला! रुमालाखालचं रुमालाखालीच राहील म्हणून."

"मग? मी एक अवाक्षर तरी बोललो का कुणाकडं? तू बोललीस?" अण्णांनी अडकित्ता मिटवला. "शपथ तोंडाची होती, पोरी. ती तुझी शाबूत आहे, माझीही शाबूत आहे. आणि असं बघ, कंपनीनं कुणाला फसवलं? ज्याच्या मनात जो आकडा होता, तो त्याला दिला. नाखूश कोण होतं, शेजाऱ्याचा आकडा कळेपर्यंत?"

शब्दांत ती त्यांना हरवू शकत नव्हती. पण शब्दांवर विश्वास ठेवू नकोस, हेही त्यांनीच शिकवलं होतं. तिनं गळ्यातली ओढणी काढली.

"हात द्या अण्णा."

अण्णांनी हात दिला. तिच्या मनगटात कडं नव्हतं, त्यांच्याही नव्हतं. दोघांच्या हातांवर ओढणी पडली.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"माझ्या आत्याचं कुरण त्या पट्ट्यात आहे, हे माहीत होतं?"

"होतं की. तुला म्हणून तर आधी घेतलं तुकडीत. शालनबाईनं दुसऱ्या कुणाला हात दिलाच नसता."

तिला वाटत होतं, आता कुठंतरी हा हात हलेल. वर्षभर डोक्यावर हात ठेवला होता या माणसानं. लाजेचा, निदान भीतीचा एक थेंब तरी त्या तळव्यात उतरेल. तिनं डोळे मिटून वाट पाहिली. हात गार होता, कोरडा होता, आणि सपाट होता. पहिल्या दिवशी होता तसाच. तेव्हा तिला तो गुरूचा हात वाटला होता. खरं तर तेव्हाच सगळं सांगून टाकलं होतं त्यांनी. सपाट हात कुणाचा असतो हे तिच्याच तोंडावर सांगितलं होतं, आणि ती वेडी ते मन लावून शिकली होती. केसानं गळा कापतात म्हणतात तो असा, हे तिला त्या क्षणी कळलं.

ती हात काढून घेणार, तोच अण्णांची बोटं हलली. ओढणीखाली त्यांनी एक आकडा दाबला. सावकाश, शिकवताना दाबायचे तसा. मूठ, मग दोन बोटं, मग तळव्यावरून एक ओढ.

तो पगाराचा आकडा होता. तिचा स्वतःचा. शेवटच्या धड्यात मनात आलेला, गाळ्याचा.

"पलीकडच्या तालुक्यात नवं केंद्र उघडतंय," अण्णा मऊ आवाजात म्हणाले. "शिकवायला हुशार माणूस पाहिजे. मी तुझं नाव दिलंय."

ईश्वरीनं हात ओढून घेतला, पण जरा उशीर झाला होता. आकडा पुरा व्हायच्या आतच तिचा तळवा ओला झाला होता. ती संतापली होती, या माणसाचं तोंडही बघू नये असं तिला मनापासून वाटत होतं. आणि तरीही मूठ-दोन बोटं-ओढ एवढ्यावर डोळ्यांपुढं गाळ्यावरची पाटी उभी राहिली होती. अण्णांना ते कळलं. कळणारच. त्यांनी फक्त मान डोलावली, उत्तर बरोबर आलं की डोलवायचे तशी.

"घाई नाही. विचार करून सांग."

घरी आली तेव्हा आत्या खोंडांना वैरण टाकत होती. ईश्वरी गव्हाणीशी उभी राहून एका दमात सगळं बोलली. कंपनी, कडं, अण्णा, सगळं. नोकरीचं तेवढं राहिलं. ते मुद्दाम लपवलं की ओघात राहून गेलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आत्यानं शेवटची पेंढी टाकली, हात झटकले आणि पदर पुढं ओढला. "हात दे."

"आत्या..."

"तू माझा बघितलास. आता मला बघूंदे."

आत्यानं कुठलं प्रशिक्षण घेतलं नव्हतं, पण बाजारात उभ्या राहिलेल्या बाईला ते लागतही नाही. पदराखाली तिनं भाचीचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला.

"तुला म्हाईत हुतं, ह्ये आकडे पुढं जाणार म्हणून?"

"न्हाई."

आत्या बराच वेळ हात धरून राहिली. मग तिच्या खांद्यातला ताण सैल झाला. "खरं हाय," ती म्हणाली. ईश्वरीला हुंदका आला. सुटले, असं तिला वाटलं.

"आन् तुला काय देत्यात आता?"

पदराखाली कुणी आकडा दाबला नव्हता. ईश्वरी काही बोललीही नाही. पण तिचा तळवा पुन्हा भिजला, आणि या वेळी तो आत्याच्या हातात होता. गोठ्यात खोंडं खुशाल वैरण खात होती. आत्यानं हात सोडला आणि लुगड्याला पुसला.

"मी जाणार न्हाई, आत्या. शपथ."

"नको जाऊस. तुझी मर्जी." आत्याचा आवाज दमलेला होता. "माझा हात त्या आकड्याला का पाघळला, ते इचारलं न्हाईस कधी. कंपनीनंबी इचारलं न्हाई. कुरण इकायचं माझ्या मनातसुदिक नव्हतं गं. तू आकडं चढवत हुतीस, आन् मी म्हनलं, एवढं आलं तर पोरीचा गाळा हुतुया. म्हणून. माझा हात तुझ्यापायी ढळला. तुझा कशापायी ढळला, ते तुझं तू बघ."

ईश्वरीनं दुसऱ्या दिवशी अण्णांना नकार कळवला. आठवड्यानं कंपनीकडून आकडा थोडा वाढवून आला, तिनं तोही परतवला. आत्याला तिनं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शाबासकी मागायला आल्यासारखं झालं असतं. कुरणाच्या आकड्याखालचं हिरवं बटण आत्यानं दाबलं नाही. ओढ्याकाठी चहूबाजूंनी काळ्या काचा उभ्या राहिल्या आणि मधोमध तेवढा एक हिरवा तुकडा उरला. तिथं खोंडं चारायला आता कंपनीच्या कुंपणाला वळसा घालून जावं लागे.

बाजारही बदलला. ज्या दिवशी गावाला सगळं उमगलं, त्या दिवसापासून खटाळीत कुणी कुणाला हात देईना. नमस्कार दुरून व्हायला लागले. लेकी माहेरी आल्या तरी आया त्यांचा हात हातात घेताना आधी मनगटाकडं बघायच्या. रुमाल लोकांच्या खांद्यांवरच राहिले. ज्या बाजारात कधी आकडा ऐकू आला नव्हता, तिथं माणसं आता घसा फोडून भाव सांगू लागली.

एका रविवारी आत्या एक दोनदाती, ऐन वयात आलेलं खोंड घेऊन बाजारात आली. परवाना असलेला विक्री प्रतिनिधी बरोबर हवाच, असा कायदा, म्हणून ईश्वरी सोबत होती. गिऱ्हाईक सांगोल्याकडचं होतं, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला. आत्यानं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात भाव सांगितला. गिऱ्हाईक गडबडलं, मग त्यानंही ओरडून उत्तर दिलं. सौदा मोकळ्यावर झाला आणि भाव चांगला आला. भोवतालच्या लोकांनी माना डोलावल्या.

ईश्वरीचा ऊर भरून आला. सौदा ठरला की दलालानं मालकाचा हात हातात घ्यायचा, ही तिथली रीत. सध्या ती कुणी पाळत नव्हतं, तरीही न राहवून तिनं हात पुढं केला.

आत्यानं त्या हाताकडं पाहिलं. मग खोंडाचं दावं त्यात दिलं आणि म्हणाली, "नीट धर. गिऱ्हाईकाच्या गाडीपर्यंत पोचवून ये."

ईश्वरी खोंडाला घेऊन गाडीकडं निघाली. दाव्याचा काथ्या तिच्या ओल्या तळव्याला टोचत होता.